काठीवरचा आकडा

१९ ऑक्टोबर २००२
मस्कूक नदी, वरचा धक्का

नोएला,

तुझं पत्र पोचलं. वर सरकारी गरुडाचं चित्र, खाली तुझी सही, आणि मधे मी 'श्रीमती डेल्विना मिशो'. सोळा वर्षांनी नातीचं पत्र आलं तेही गरुडाच्या चोचीतून. लहानपणी मेमेर, मेमेर करत माझ्या झग्याला लोंबकळायचीस, तेव्हा मी श्रीमती आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

पत्र ब्रेंडानं वाचून दाखवलं. ब्रेंडा म्हणजे राज्य सरकारची आताची नदीराखी. पन्नाशीची आहे, घोरते, पण मनानं सरळ. मला वाचता येतं, पण सरकारी भाषा चावायला दात लागतात आणि माझे खालचे चारच उरलेत.

तर तू वॉशिंग्टनला नद्यांच्या खात्यात आहेस. आणि मार्चमध्ये बँगोरला दोन्ही सरकारांची बैठक आहे, आपली नदी पुढची वीस वर्षं कुणी राखायची ते ठरवायला. आजपर्यंत राखतं राज्य, नियम तुमचे वॉशिंग्टनचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते या नदीनं ऐकलेलं दिसत नाही, ती दोघांकडून जेवून वर मजेत वाहते. उपाशी मी. राज्यवाले म्हणतात, मिशोबाई, संडास काठापासून पन्नास पावलं मागे न्या. तुमचे लोक वर्षातून एकदा इस्त्रीची जाकिटं घालून येतात नि म्हणतात, काठावरची माती हलवायची नाही. दोन्ही कागद मी संडासाच्या दारालाच ठोकलेत. बसल्या बसल्या वाचते.

तुला १९८४ च्या ईस्टरच्या आठवड्याचं पाण्याचं कार्ड हवंय. तुमच्या कपाटात पस्तीस वर्षांची सगळी कार्डं आहेत, तेवढं एकच नाही, असं लिहिलंयस.

माझ्याकडेही नाही. उंदरांनी खाल्लं असेल.

काठी अजून मीच वाचते. सकाळी धक्क्याखालच्या खडकापाशी जायचं, पाणी किती फुटांच्या रेघेला आहे ते बघायचं, सहाला वायरलेसवर नदीराख्याला सांगायचं, आणि सोमवारी आठवड्याचं कार्ड तुमच्याकडे टाकायचं. या कामापायी तर मरेपर्यंत या खोपटात राहायची परवानगी आहे. मेल्यावर खोपटं जाळायचं, असं दोन्ही सरकारांचं एकमत झालंय. एवढ्या एका गोष्टीवर झालंय.

आज पावणेतीन.

मेमेर


१० नोव्हेंबर २००२

नोएला,

उत्तर नाही तुझं. हरकत नाही. तू पोर्टलंडहून चार पत्रं पाठवली होतीस, मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. चारांत मिळून एकच प्रश्न होता. पप्पाला त्या दिवशी जाऊ का दिलं? चौदा वर्षांची पोर, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी पत्रं पिठाच्या डब्यात ठेवली नि डब्यावर झाकण लावलं.

काल एल्डन टार्बॉक्स आला होता. आठवतो? तुझ्या लहानपणीचा नदीराखा, लाल कानांचा, खालच्या वळणावर राहायचा. तुझा बाप गेल्यावर त्याला नदीवरून काढून दक्षिणेला कुठल्याशा तळ्याच्या फाटकावर बसवला. आता पेन्शनीत गावात राहतो. दरसाल बर्फ पडायच्या आधी येतो नि माझी लाकडं फोडून जातो. गुडघे गेलेत, तरी येतो. मी त्याला कुट्टूच्या पिठाच्या तव्यावरच्या प्लोय घालते, तो वर काकवी ओततो नि म्हणतो, "मिशोबाई, तुमच्या प्लोय दरसाल जाड होत चालल्यात."

मी म्हणते, "आणि तुझं फोडलेलं लाकूड दरसाल बारीक. चुलीत घालू की दात कोरू?"

काल मात्र खाली मान घालून खाल्लं. मग खिशातून कागद काढला. तुझ्या खात्यानं नदीकाठच्या सगळ्या लोकांना बैठकीचा मसुदा पाठवलाय म्हणे, हरकती असतील तर कळवा म्हणून.

"तुमच्या नातीनं लिहिलाय," तो म्हणाला. "हुशार आहे पोरगी. चार पानांवर माझंच नाव आहे."

"वाचून दाखव."

त्यानं वाचलं. २२ एप्रिल १९८४ रोजी राज्याच्या नदीराख्यानं काठीचा आकडा न घेता अंथरुणातून चार फूट असा खोटा आकडा नोंदवला. खरं पाणी सात फुटांवर होतं. सहाच्या वर नदी बंद करायची असते, ती त्यानं केली नाही, आणि अल्सीद मिशो, वय अडतीस, हा खालच्या घळईत बुडाला. सबब राज्यावर विसंबता येत नाही, नदी राज्याच्या हातून काढून घ्यावी.

वाचताना त्याचा आवाज हलला नाही. जाकिटाची चेन तेवढी खालीवर करत होता.

"हरकत कळवणारेस?" मी विचारलं.

"सत्तरीला आलो मिशोबाई. आता हरकत कसली."

"नदी गेली तर ब्रेंडाची नोकरी जाईल."

"जाईल. आणि उन्हाळ्यात गावातली पोरं नदीवर कामाला असतात, तीही घरी बसतील. वॉशिंग्टनहून नदी राखायची म्हणजे चंद्रावरून गाय राखायची."

मग तो उठला नि उरलेली लाकडं फोडायला गेला. मी खिडकीतून बघत होते. प्रत्येक घावाला उजव्या गुडघ्यावर हात ठेवायचा.

उंदरांचं मी खोटं लिहिलं होतं. ते कार्ड मी कधी पाठवलंच नाही. घरात मयत होतं म्हणून राहिलं, असं सगळे समजले. मीही त्यांना तसंच समजू दिलं.

आज तीन. काठाला बर्फाचा पापुद्रा धरलाय.

मेमेर


२ फेब्रुवारी २००३
मेणबत्त्यांचा सण

नोएला,

तव्यावर प्लोय उलटायचा दिवस आज. एका हातात नाणं धरायचं, दुसऱ्या हातानं उलटायची, म्हणजे वर्षभर पीठ पुरतं. मी एकटीसाठी सहा केल्या, दोन खाल्ल्या. चार चिमण्यांना टाकल्या. त्यासुद्धा म्हणाल्या असतील जाड आहेत.

हे पत्र मी तीनदा सुरू करून चुलीत घातलंय. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवली. तर हे घे भांडं.

त्या ईस्टरला तू माझ्याकडेच झोपली होतीस. तुझ्या हातांना इसब झाला होता, बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं. डॉक्टरचं मलम लावून लावून थकलो. तुझी आई शनिवारी गावात बहिणीकडे गेली होती. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झालेला, ट्रक निघायची सोय नव्हती. म्हणून अल्सीद सकाळीच नावेतून जाऊन तिला ईस्टरच्या जेवणाला आणणार होता. त्या साली नदीचं बर्फ लवकर फुटलं होतं.

ईस्टरचं पाणी कसं आणतात ते तुला माहीत आहे. तुला माहीत नसेल तर तुझ्या आईनं काही शिकवलं नाही. सूर्य उगवायच्या आत वाहत्या पाण्यावर जायचं, बादली भरायची, आणि घरात येऊन टेबलावर ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. असं आणलेलं पाणी वर्षानुवर्षं सडत नाही आणि कातडीचं कसलंही दुखणं बरं करतं. माझ्या आईनं आणलं, तिच्या आईनं आणलं. मी तुझ्या हातांसाठी आणायला गेले.

धुकं होतं. कंदील घेऊन खडकापाशी गेले. बादली भरली नि सवयीनं काठीकडे बघितलं. आदल्या सकाळी चार होतं. आता सात. वरच्या तळ्याच्या तोंडाशी अडकलेलं बर्फ रात्रीत सुटलं असणार. पाणी चढतंच होतं, मी बघताना रेघ बुडाली.

अल्सीद धक्क्यावर नावेत सामान घालत होता, माझ्यापासून वीस पावलांवर. मला बघून हसला.

"ममा, काय म्हणते काठी?"

मी हात वर केला. थांब, असा. वर जाऊन बादली ठेवते, मग बोलते, असं मला म्हणायचं होतं.

"बरं बरं, बोलू नकोस! पाणी नासेल तुझं," तो म्हणाला. "जेवायला ये म्हणतेस ना? येतो. तिला घेऊन येतो. आणि येताना..." नाही, हे असं नाही म्हणाला. काय म्हणाला ते मला आता नीट आठवत नाही, मी भलतंच लिहायला लागले. हसला एवढं खरं. त्यानंही हात वर केला. त्याला वाटलं मी निरोप देतेय.

मी चढ चढले. भराभर चढले, पण पाणी सांडू नये इतपतच भराभर. बादली टेबलावर ठेवली. मग काय केलं असेल मी? दाराजवळच्या भिंतीच्या फळीपाशी ठेवलेली सुताराची पेन्सिल घेतली नि फळीवरच आकडा लिहिला. रोज लिहायचे ना. नदीवरून आलं की आधी फळीवर, मग बाकी सगळं. हातानं आपला आपण लिहिला. सात. मग मला सुचलं की आता बोलता येतं. धावत खाली गेले. धक्का रिकामा. धुक्यात लांबवर अल्सीद गात होता, माझी हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही.

नोएला, बादली तिथंच ओतून ओरडता आलं असतं. पाणी काय, नदीभर होतं.

पण एवढंच असतं तर मी तुला तेव्हाच लिहिलं असतं. रीत होती, आजीची चूक झाली, असं तू म्हणाली असतीस. पुढचं ऐक.

सहाला वायरलेस वाजला. अल्सीद अजून घळईच्या वर होता, एल्डनच्या वळणाशीही पोचला नव्हता. अर्धा तास हातात होता. सात म्हटलं असतं तर एल्डननं काठावर लाल फडकं लावलं असतं नि पाण्यात कमरेएवढा उभा राहून त्याला अडवलं असतं. तेवढा तो नक्कीच होता.

"ईस्टरच्या शुभेच्छा, मिशोबाई. किती?"

सात म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग पोराला सोडलं कसं? आणि दुपारपर्यंत ते सगळ्या जिल्ह्याला कळलं असतं. मला वाटलं, अल्सीद बापाबरोबर सातातून एकदा गेलेला आहे. नाव ढकलायचा सोटा त्याच्या हातात बोटासारखा चालतो. जाईल पार. दुपारी जेवायला येईल, मी त्याला चार शिव्या घालीन, कुणाला कळायचं कारण नाही.

"चार," मी म्हटलं.

रीतीनं नाही मेला तुझा बाप. बाकीचं तूच जुळव, शिकलेली आहेस.

चौकशीवाले आले तेव्हा एल्डन म्हणाला, मला बाईंनी चार सांगितलं. त्यांनी मला विचारलं. अगदी हळू विचारलं, टोप्या काढून. मी म्हटलं, आठवत नाही. मुलगा गेलेल्या बाईला कोण दुसऱ्यांदा विचारतो? त्यांनी लिहिलं, नदीराख्यानं आकडा अंथरुणातून लिहिला.

पुरताना मी रडले नाही म्हणून तुझी आई मला दगड म्हणाली नि तुला घेऊन गेली. रडले असते तर तोंडही उघडलं असतं.

पाणी अजून आहे. फडताळात वरच्या खणात, बरणीत. एकोणीस वर्षं होत आली. मेलं अजून सडत नाही. काचेसारखं आहे. तुझ्या हातांना लावायचं राहूनच गेलं.

काठीवर आज बर्फ.

मेमेर


२७ फेब्रुवारी २००३

नोएला,

मागचं पत्र गेलं का नाही मला कळलं नाही. गेलं असेल तर तू म्हणशील, ऐंशीची म्हातारी, डोकं फिरलंय, बैठकीत असल्या पत्राला कोण विचारतो. तुमच्याकडे शिक्का लागतो.

म्हणून एल्डनला बोलावून घेतला. ब्रेंडानं तिच्या बर्फगाडीवर मागे बसवून आणला, गोणीसारखा.

"फळी काढायचीय," मी म्हटलं. "दाराजवळची. ऐंशी सालापासून शहाऐंशी सालापर्यंतची."

त्यानं चष्मा चढवला. बोटानं शोधत शोधत खाली आला नि एका जागी बोट थांबलं. तिथंच राहिलं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"त्या दुपारी झुडपांवर पाण्याची रेघ बघितली मी. सकाळी चार असणं शक्यच नव्हतं."

"मग बोलला का नाहीस गाढवा? एकोणीस वर्षं?"

"तुमचा मुलगा गेला होता," तो म्हणाला. "माझी तर नुसती नोकरीच जात होती."

मी आत जाऊन कॉफी ठेवली. कॉफी नको होती कुणालाच. बाहेर आले तेव्हा तो पहार लावून खिळे उपटत होता आणि ब्रेंडा त्याला शिकवत होती.

"अशी नाही, तुटेल. हळू."

"बाई, हे खोपटं बांधताना मी धरायला होतो. तू शाळेत होतीस."

"म्हणूनच वाकडं आहे."

"वाकडं नाही, नदीकडे बघतंय."

फळी सहा फुटांची निघाली. गेली तिथून आता गार वारा येतो, मी गोणपाट कोंबलंय. घोंगडीत गुंडाळून दिलीय. राज्याची गाडी ती बँगोरला नेणार आणि वॉशिंग्टनच्या टेबलावर ठेवणार. बघ, माझ्या संडासानं केलं नाही ते माझ्या फळीनं केलं, दोन्ही सरकारं एका कामाला लावली.

चौऱ्याऐंशीचा २२ एप्रिल मधल्या भागाच्या जरा खाली आहे, गाठीच्या बाजूला. सात. माझा सात तुला ओळखू येईल, मी त्याला पोटात आडवी रेघ देते, नन्सनी मारूनसुद्धा सुटली नाही. शेजारी २१ चा चार आहे.

एल्डनच्या नावाची चार पानं फाड. माझं नाव घाल. डेल्विना मिशो, दोन्ही सरकारांची काठीवाचक, तिसरी पास. यापायी खोपटं काढून घेतलं तरी चालेल. उन्हाळ्यात घ्या म्हणावं, आता जळणार नाही, ओलं आहे.

काठीवर बर्फ.

मेमेर


२० एप्रिल २००३
ईस्टर

नोएला,

बैठकीचं मला ब्रेंडानं सांगितलं. तू फळीशी उभी राहून त्या आकड्यावरून बोट फिरवलंस म्हणे. दहा मिनिटं बाहेर गेलीस, परत आलीस, आणि मसुद्यातली चार पानं सर्वांसमोर काढून घेतलीस. मग संध्याकाळपर्यंत बैठक चालवलीस. "आवाज चढवला नाही की उतरवला नाही," ब्रेंडा म्हणाली. "तुमच्यावर गेलीय." मी म्हटलं, बिचारी.

नदी राज्याकडेच राहिली. राखायची त्यांनी, तपासायची तुम्ही. खडकावर आपोआप आकडा पाठवणारं यंत्र बसणार, पैकी यंत्र तुमचं नि ते बसवणारे त्यांचे. आणि एक कलम तू हातानं घातलंस असं ऐकते, की यंत्र असलं तरी काठी माणसानंही वाचायची, आणि आकडा दोन्ही सरकारांना एकाच वेळी, उघड्या वायरलेसवर सांगायचा.

एल्डनला राज्याचं पत्र आलं, तुमच्याकडून चूक झाली नव्हती म्हणून. त्यानं ते मला दाखवायला आणलं, मग परत घडी करून टोपीच्या आत ठेवलं. गाडी हलेपर्यंत टोपी तीनदा काढून बघितली.

मला पत्र नाही आलं. एक खोकं आलं. आत कोरी कार्डं, वर्षभर पुरतील इतकी. तारखेला एक चौकोन, आकड्याला एक चौकोन. पत्ता प्रत्येकावर हातानं लिहिलेला, तुझ्या खात्याचा. छापून घेता आला असता. मी सगळी चाळली, मधे कुठे चिठ्ठी आहे का बघायला. नव्हती. नसावीच.

आज सूर्य उगवायच्या आत नदीवर गेले. जाताना बोलत गेले. मोठ्यानं. प्रार्थना नाही, जे तोंडाला येईल ते. गुडघ्याला शिव्या दिल्या, कावळ्याला दिल्या, अल्सीदला दिल्या, गाढवा, आईचा हात वर झाला तर थांबायचं असतं. काठालगत वीतभर पाणी उघडं झालंय. फडताळातली बरणी नेली होती, ती तिथं ओतली. वाहत्या पाण्यात दिसलंसुद्धा नाही कुठलं कुठलं.

बरणी धुऊन उपडी घातलीय. काही भरलं नाही.

मेमेर


४ मे २००३

तारीख: ४ मे

पाणी: ७

चौकोनात मावत नाही म्हणून कडेनं लिहिते. बर्फ काल गेलं. आज पहाटे सात, चढतं. सहाची वाट बघितली नाही, पाचलाच सांगितलं. दोनदा सांगितलं. ब्रेंडानं वळणावर लाल फडकं लावलंय, इथून दिसतं.

खाली कुणी गेलेलं नाही.